होमस्टे चालवणारी मी आजारी पडले, तर बुडालेल्या दिवसांचे पैसे कुठून मिळतात का?

नाही मिळत, ताई. आधी हे सरळ सांगतो, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

तुम्ही लिहिलंय की तारकर्लीजवळ दोन खोल्यांचा होमस्टे आणि घरगुती जेवण असा तुमचा धंदा आहे. गेल्या श्रावणात कुणग्यात (भाताच्या खाचरात) बेणायला, म्हणजे तण काढायला, उतरलात, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) झाला, आठवडाभर दवाखान्यात काढला आणि पुढे महिनाभर उभं राहायचं त्राण नव्हतं. पुण्यात कारखान्यात असलेल्या भावाला आजारपणात पैसे मिळतात, मग आपल्याला का नाही, हा प्रश्न. आणि स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी आजारी पडल्या तर तुम्ही काय देणं लागता, हा दुसरा.

भावाला मिळतं ते बहुधा ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं. १० किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी ते असतं. पगाराच्या पाऊण टक्का कामगार भरतो, सव्वातीन टक्के मालक. सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. मालक मात्र यात बसत नाही. भागीदारीतला भागीदार प्रत्यक्ष राबत असला आणि मोबदला घेत असला तरी तो कामगार नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच दिला आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत असंघटित कामगारांसाठी अशी योजना 'करता येईल' असं म्हटलंय, आणि असंघटितांत स्वतःचं काम करणारेही येतात. पण 'करता येईल'वर पेज शिजत नाही.

आता दवाखान्याचं बिल आणि बुडालेली मिळकत या दोन गोष्टी वेगळ्या धरा. बिलाची सोय बरी आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता केशरी-पिवळं न बघता सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. फक्त यादीतलं रुग्णालय हवं आणि यादीतला उपचार हवा. दाखल होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) गाठायचं, डिस्चार्जच्या दिवशी नाही. हे पैसे रुग्णालयाला जातात. तुमच्या रद्द झालेल्या बुकिंगशी त्यांचा संबंध नाही.

मिळकतीची भरपाई मला एकदा मिळाली आहे, म्हणून त्यातली मेख सांगतो. माझं वेंगुर्ल्याकडे काजू प्रक्रियेचं छोटं युनिट आहे. आषाढात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरलो आणि घोट्याजवळ हाड मोडलं. माझ्याकडे वैयक्तिक अपघात विमा होता आणि त्यात 'तात्पुरतं पूर्ण अपंगत्व' हा भाग जास्तीचे पैसे भरून घेतलेला होता. म्हणजे डॉक्टर काम करू नका म्हणतात तोवर दर आठवड्याला ठरावीक रक्कम. पुष्कळ पॉलिसींत ती विमा रकमेच्या एक टक्का असते. दहा लाखांच्या विम्यावर आठवड्याला १०,००० असं कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात कंपनी आधी आयकर विवरणपत्र मागते, आणि तुमच्या दाखवलेल्या मिळकतीपेक्षा जास्त देत नाही.

आपल्याकडची गंमत इथेच आहे. बरेच छोटे धंदेवाले विवरणपत्र भरतच नाहीत, किंवा विक्रीच्या ठरावीक टक्के मिळकत दाखवायची सोय असलेल्या आयकर कलमाखाली (१९६१ च्या कायद्यात ४४एडी) कमीत कमी तेवढंच दाखवतात: रोखीच्या विक्रीवर ८ टक्के, यूपीआय-बँकेतून आलेल्यावर ६ टक्के. समजा वर्षाला दहा लाखांची विक्री यूपीआयवर झाली, तर कागदावर तुमची मिळकत ६०,००० रुपये, म्हणजे महिना ५,०००. मग आठवड्याची भरपाई किती येणार, तुम्हीच बघा. त्या कलमात खरा नफा जास्त असेल तर जास्त दाखवायला हवा, आणि २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा मिळकतीवर कर द्यावाच लागत नाही. तरी लोक ६ टक्क्यांवर अडून बसतात ते निव्वळ सवयीने. खरा आकडा दाखवलात तर बँकेतही किंमत वाढते.

पण लेप्टो हा अपघात नाही, आजार आहे, आणि आजारासाठी पर्याय कमीच. 'हॉस्पिटल कॅश' नावाची पॉलिसी दाखल असलेल्या प्रत्येक दिवसाला ठरलेली रक्कम देते. बहुतेकींत पहिला दिवस धरत नाहीत. 'क्रिटिकल इलनेस' कॅन्सर, हार्ट अटॅक, पक्षाघात अशा यादीतल्या आजाराला एकरकमी देते, पण यादीत लेप्टो किंवा डेंग्यू सहसा नसतो. तुमचा तो महिना घरी पडून गेला, त्याचे पैसे या दोन्हींतून येत नाहीत. एजंट 'सगळं कव्हर आहे' म्हणाला की हाच प्रश्न विचारा: दवाखान्यातून घरी आल्यावर काय मिळेल?

त्या महिन्यासाठी आपलेच पैसे लागतात. तुमच्या धंद्यात श्रावणातला महिना आणि मे महिना सारखे नव्हेत. श्रावणात आजारी पडलात ते धंद्याच्या हिशेबाने स्वस्तात सुटलात. दिवाळीनंतरच्या सुट्टीत किंवा मे महिन्यात पडला असतात तर वर्षाची कमाई गेली असती. तेव्हा सबंध वर्षाची सरासरी काढू नका. ऐन सीझनच्या एका महिन्यात घरखर्च, हप्ते आणि मावशींचा पगार भागेल एवढी रक्कम बाजूला धरा. रोज जमवायला पिग्मीसारखं दुसरं काही नाही, एजंट दारात येतो. मोठी होत गेली की ती बँकेत वळवा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतपेढीतल्या ठेवीला तो नाही. शिवाय धडधाकट असतानाच बँकेकडून छोटी सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट, म्हणजे लागेल तेव्हा उचलायच्या कर्जाची मर्यादा, करून ठेवा. वापराल तेवढ्यावरच व्याज. अंथरुणात पडल्यावर कर्ज मागायला गेलं तर सावकारच भेटतो.

आणि पुढच्या वेळी शेतात उतरण्याआधी आरोग्यसेविकेकडून लेप्टो टाळण्यासाठीच्या डॉक्सीच्या गोळ्यांचं विचारून घ्या, त्या फुकट असतात.

मावशींचं लवकर आटपतं. तुमच्याकडे दहापेक्षा कमी माणसं आहेत, त्यामुळे ईएसआय लागू नाही आणि आजारपणाचा पगार द्यायची कायद्याची सक्तीही नाही. मी माझ्या युनिटमध्ये कामाला येणाऱ्या बायकांना थोडे दिवस पूर्ण आणि पुढे अर्धा पगार देतो. तो माझा व्यवहार आहे, नियम नव्हे. त्यांचं रेशनकार्ड आणि आधार जुळतंय का ते बघा, ई-श्रमवर (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीत) नाव घाला आणि त्यांच्या बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांचा पंतप्रधान सुरक्षा विमा सुरू करा. त्यात आजार येत नाही, पण अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख मिळतात. साप चावून किंवा माडावरून पडून झालेला मृत्यूही त्यात धरतात, आणि अशा वेळी रुग्णालयातली लगेचची नोंद पुरावा म्हणून चालते. हप्ता मे अखेरीला कापला जातो, तेव्हा खात्यात पैसे ठेवायला सांगा.