आईची टाच सहा महिने दुखतेय, डॉक्टर इंजेक्शन सुचवतात. घ्यावं की व्यायामच करावा?

सकाळी पहिलं पाऊल टाकताना आईंना सर्वात जास्त कळ येते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे बहुधा प्लांटर फॅसायटिस, टाचेपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या तळव्याच्या जाड पट्ट्याचं दुखणं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम लवकर पडतो, पण साधारण महिनाभरच टिकतो. वारंवार घेतलं तर तळव्याचा पट्टा फाटण्याची, टाचेखालची चरबीची गादी झिजण्याची भीती असते. मधुमेह असेल तर साखरही काही दिवस वाढते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी तीन महिने व्यायाम नेटाने करू द्या.

पलंगावरून उतरण्याआधीच पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून १० सेकंद धरायची, असं १० वेळा. शिवाय एक दिवसाआड, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पायरीच्या कडेवर टाचा सावकाश वर-खाली करायच्या. फरशीवर अनवाणी फिरणं बंद, घरातही मऊ चप्पल हवीच. पर्वतीच्या पायऱ्या आणि तळजाईच्या टेकडीवरची चक्कर तूर्त नको, पोहणं चालेल.

एवढं करूनही पाऊल टेकवेना, तर एक इंजेक्शन घ्यायला हरकत नाही, व्यायाम सुरूच ठेवून. पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन, महाग पडतं आणि गुण यायला वेळ लागतो. रात्रीही ठणका, सूज किंवा मुंग्या असतील तर मात्र वाट न बघता ऑर्थोपेडिककडे दाखवा.