दोन फेब्रुवारी, दोन पंतप्रधान आणि एक बेट

प्रश्न : मॉरिशस हा आफ्रिकेतील सर्वांत चांगला कारभार असलेल्या देशांपैकी एक समजला जातो. तरीही तेथील माजी पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांना अटक झाल्याची बातमी वाचली. ही खरोखरच भ्रष्टाचारावरील कारवाई आहे की सत्तांतरानंतर उगवलेला सूड? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्ही शक्यता एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि मॉरिशसची अडचण नेमकी तीच आहे. दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. डिसेंबर २०१४च्या निवडणुकीत पंतप्रधान नवीन रामगुलाम यांचा पक्ष हरला आणि ते स्वतःही पडले. फेब्रुवारी २०१५मध्ये पोलिसांनी त्यांच्या घरावर छापा घातला, तिजोऱ्या आणि सुटकेसमधून सुमारे २२ कोटी मॉरिशियन रुपयांची रोकड बाहेर आली आणि त्यांना अटक झाली. नोव्हेंबर २०२४मध्ये जगन्नाथ यांचा पक्ष हरला आणि तेही स्वतःच्या मतदारसंघात पडले. फेब्रुवारी २०२५मध्ये छाप्यांमध्ये पुन्हा सुटकेस सापडल्या, त्यात ११ कोटींहून अधिक रुपयांच्या नोटा होत्या असे तपास यंत्रणेने सांगितले आणि जगन्नाथ यांना अटक होऊन पुढे जामीन मिळाला. या वेळी पंतप्रधानपदावर होते तेच नवीन रामगुलाम. दोघांनीही आपल्यावरील आरोप नाकारले आहेत.

हे समजण्यासाठी देशाचा आकार लक्षात घ्यावा लागतो. सुमारे २,००० चौरस किलोमीटरचे हे राष्ट्र आहे आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. १९६८च्या स्वातंत्र्यापासून आजवर पंतप्रधानपद शिवसागर रामगुलाम, त्यांचे पुत्र नवीन, अनिरुद्ध जगन्नाथ आणि त्यांचे पुत्र प्रविंद यांच्यातच फिरले आहे. २००३ ते २००५ या काळातील पॉल बेरांजे हा एकमेव अपवाद. जानेवारी २०१७मध्ये तर अनिरुद्ध जगन्नाथ पायउतार झाले आणि निवडणूक न होता मुलगा पंतप्रधान झाला. राज्यघटनेनुसार त्यात काहीही गैर नव्हते, कारण सभागृहातील बहुमत त्यांच्याकडे होते. परंतु इतक्या लहान देशात मंत्री, वकील, पोलीस अधिकारी, बँकर आणि संपादक एकाच शाळेतले, एकाच गल्लीतले किंवा एकमेकांचे व्याही असतात. आपल्याकडे ज्याला गावकी आणि भावकी म्हणतात, तिचे राष्ट्रीय रूप म्हणजे मॉरिशसचे सार्वजनिक जीवन. तेथे कायद्यांची उणीव नाही; तपास करणारा, ज्याचा तपास करायचा तो आणि तपास करणाऱ्याची नेमणूक करणारा यांच्यात पुरेसे अंतर मात्र उरत नाही.

भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग २००२मध्ये स्थापन झाला आणि २०२४मध्ये त्याची जागा आर्थिक गुन्हे आयोगाने घेतली. नव्या आयोगाला तपासाबरोबर स्वतः खटला दाखल करण्याचाही अधिकार मिळाला. खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या सरकारी अभियोगाच्या संचालकांना राज्यघटनेने दिलेले स्वातंत्र्य यामुळे कुरतडले जाते, हा त्यावरचा मुख्य आक्षेप होता आणि तो मला रास्त वाटतो. आयोगप्रमुखाच्या नेमणुकीत पंतप्रधानांचा शब्द वजनदार असतो. साहजिकच तोच आयोग सत्तेत असलेल्यांच्या बाबतीत संथ आणि सत्तेतून गेलेल्यांच्या बाबतीत चपळ दिसतो. गंमत अशी, की जगन्नाथ सरकारने घडवलेल्या या यंत्रणेनेच पुढे जगन्नाथांना अटक केली.

मेडपॉइंट प्रकरण या संदर्भात मुद्दाम पाहण्यासारखे आहे. सरकारने मेडपॉइंट हे खासगी रुग्णालय विकत घेतले, त्यात प्रविंद जगन्नाथ यांच्या बहिणीचे समभाग होते आणि व्यवहारासाठी लागणाऱ्या निधीच्या फेरवाटपावर अर्थमंत्री म्हणून त्यांची सही होती. २०१५मध्ये खालच्या न्यायालयाने हितसंबंधांच्या मुद्द्यावर त्यांना दोषी ठरवून बारा महिन्यांची शिक्षा दिली, २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि फेब्रुवारी २०१९मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सुटका कायम ठेवली. मॉरिशस १९९२पासून प्रजासत्ताक असले, तरी अंतिम अपिलाचे न्यायालय अजून लंडनलाच आहे. स्वाभिमानी देशाने असे का करावे, असा प्रश्न आपल्याकडे लगेच विचारला जाईल. निकाल पटो वा न पटो, तो देणारे न्यायाधीश कोणाच्याही भावकीतले नसतात, ही या व्यवस्थेची जमेची बाजू आहे.

केवळ पैशांचे घोटाळे पाहून चित्र पुरे होत नाही. जुलै २०१८मध्ये अमली पदार्थांच्या व्यापारावरील न्यायिक चौकशी आयोगाचा अहवाल आला. तुरुंगातील ड्रग्ज गुन्हेगारांना भेटणाऱ्या वकिलांवर त्यात ताशेरे होते आणि पोलिसांचे अमली पदार्थविरोधी पथकच बरखास्त करावे, अशी शिफारस होती. अहवालानंतर एका मंत्र्यांना आणि संसदेच्या उपसभापतींना पद सोडावे लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष अमीना गुरीब-फकीम यांनी राजीनामा दिला. एका स्वयंसेवी संस्थेने दिलेल्या क्रेडिट कार्डावर खासगी खरेदी केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. पैसे परत केले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. १२ मार्चला स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव होता, आपले तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद प्रमुख पाहुणे होते आणि यजमान राष्ट्राध्यक्षांचे जाणे आधीच ठरलेले होते.

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचे जहाज प्रवाळखडकावर अडकले. तेल गळू लागले ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मधल्या जवळजवळ बारा दिवसांत सरकारने काय केले, हा प्रश्न विचारत २९ ऑगस्टला हजारो लोक पोर्ट लुईच्या रस्त्यांवर उतरले. पुढे जहाजाच्या भारतीय कप्तानाला शिक्षा झाली, परंतु किनाऱ्यावरच्या यंत्रणेच्या जबाबदारीचा हिशेब तेवढ्या तत्परतेने लागला नाही.

सरकारला खरा धक्का बसला तो ऑक्टोबर २०२४मध्ये. राजकारणी, पोलीस, वकील आणि पत्रकार यांच्या चोरून रेकॉर्ड केलेल्या दूरध्वनी संभाषणांच्या फिती एका टोपणनावाने समाजमाध्यमांवर येऊ लागल्या. त्या कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवल्या आहेत, असे सरकारने सांगितले आणि १ नोव्हेंबरला मतदानापर्यंत समाजमाध्यमे बंद ठेवण्याचा आदेश निघाला. इतका गदारोळ झाला, की दुसऱ्याच दिवशी तो मागे घ्यावा लागला. १० नोव्हेंबरच्या मतदानात विरोधी आघाडीने ६२पैकी ६० जागा जिंकल्या. म्हणून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे : अटकेची वेळ संशयास्पद असली, तरी सुटकेसमधल्या नोटा त्यामुळे खोट्या ठरत नाहीत, आणि नोटा खऱ्या असल्या, तरी त्या सत्ता गेल्यावरच का सापडतात हा प्रश्न मिटत नाही.

प्रश्न : बेनामी कंपन्या आणि 'मॉरिशस मार्ग' यांची चर्चा आपण नेहमी ऐकतो. याला त्यांचा भ्रष्टाचार म्हणायचे की आपला? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बराच काळ हा मार्ग कायदेशीर होता, त्यामुळे भ्रष्टाचार हा शब्द जपून वापरावा. १९८०च्या दशकात झालेल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार मॉरिशसमधील कंपनीने भारतातील समभाग विकून मिळवलेल्या नफ्यावर भारतात कर लागत नसे, आणि मॉरिशसमध्ये अशा नफ्यावर कर नव्हताच. परिणामी पोर्ट लुईतील एकेका इमारतीच्या पत्त्यावर असंख्य कंपन्या नोंदल्या गेल्या आणि भारतात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीत हा चिमुकला देश वर्षानुवर्षे अग्रस्थानी दिसू लागला. भारतातून बाहेर गेलेला पैसा त्याच वाटेने 'परदेशी' होऊन परत येतो, ही शंका तेव्हापासूनची आहे. मे २०१६मध्ये करारात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१७नंतर घेतलेल्या समभागांवरील नफ्यावर भारताला कर लावता येऊ लागला.

फेब्रुवारी २०२०मध्ये मनी लाँडरिंगवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कृती दलाने मॉरिशसला जादा देखरेखीखालील देशांच्या 'करड्या यादीत' टाकले आणि ऑक्टोबर २०२१मध्ये बाहेर काढले. दीड वर्षात झालेली ती धावपळ पाहिली, की यंत्रणा मनात आणले तर काम करू शकते, हे दिसते. बाहेरच्या गुंतवणूकदारापुढे प्रतिष्ठेचा प्रश्न आला, तेव्हा तसे मनात आणले गेले. करसवलत देणारा करार मात्र आपल्याही सरकारांनी तीन दशकांहून अधिक काळ चालू ठेवला होता, हे विसरून चालणार नाही.

प्रश्न : तेथील मराठी लोकांचे या राजकारणात काही स्थान आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपल्याच कोकणातून एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे ते वंशज. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी तेथे 'झाकरी' म्हणून नाचली जाते. संख्येने मात्र ते अल्प आहेत. राज्यघटना लोकसंख्येचे हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि 'सर्वसाधारण' असे चार गट मानते आणि त्यात मराठी, तमिळ, तेलुगू हे सारे हिंदूंतच मोजले जातात. निवडून आलेल्या ६२ सदस्यांखेरीज कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या गटांतील पराभूत उमेदवारांना आठपर्यंत जागा देण्याची तरतूद आहे. त्यासाठी आजही १९७२च्या जनगणनेचे आकडे वापरतात, कारण त्यानंतर या गटांची मोजणीच झाली नाही. उमेदवाराला स्वतःचा गट जाहीर करायला भाग पाडणे हे हक्कांचे उल्लंघन आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०१२मध्ये म्हटले होते. उद्देश चांगला असला, तरी उमेदवारी आणि पदे जातजमातीच्या हिशेबाने वाटण्याची सवय या तरतुदीने पक्की केली, आणि नात्यागोत्याच्या कारभाराला तिचे आयतेच पाठबळ मिळाले. त्यातही विरोधाभास असा, की २०२४मध्ये मुख्य बेटावर विजयी आघाडीबाहेरचा एकही उमेदवार निवडून आला नाही आणि सभागृहात विरोधी पक्षनेता बसला तो याच तरतुदीमुळे.