सीलबंद जुने इंजिन ऑइल वापरावे का?

प्रश्न: माझ्या सासऱ्यांचे चिपळूणला मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान होते. ते १९९० च्या सुमारास बंद झाले. अलीकडे घराचा माळा साफ करताना २०डब्ल्यू-४० ग्रेडच्या (म्हणजे दाटपणाच्या) इंजिन ऑइलचे पाच-पाच लिटरचे चार पत्र्याचे डबे निघाले. सील शाबूत आहे आणि डब्यांवर ‘एपीआय एसएफ/सीसी’ असे छापलेले आहे. आमच्याकडे २०२१ ची पेट्रोल मोटार, १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आणि शेतावर पाण्याच्या पंपाला जोडलेले पाच अश्वशक्तीचे जुने डिझेल इंजिन आहे. हे ऑइल यांपैकी कशात वापरता येईल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर: नव्या मोटारीत मुळीच वापरू नये. पद्मिनीत आणि शेतावरच्या इंजिनात वापरता येईल, मात्र डबा उघडून आतले ऑइल नीट पाहिल्यावरच.

कच्च्या तेलापासून शुद्ध करून काढलेले खनिज बेस ऑइल बंद डब्यात सहसा नासत नाही. ते खराब होण्यासाठी उष्णता आणि हवा या दोन्हींची साथ लागते. इंजिनात ते शंभर अंशांच्या आसपास तापते आणि हवेबरोबर सतत घुसळले जाते, म्हणून तेथे काही हजार किलोमीटरमध्येच ते निकामी होते. माळ्यावरच्या सीलबंद डब्यात यांपैकी फारसे काही घडत नाही. खरी शंका असते ती त्यात मिसळलेल्या रसायनांविषयी. काजळी धुऊन काढणारी, झीज रोखणारी, फेस होऊ न देणारी अशी अनेक द्रव्ये ऑइलमध्ये असतात आणि त्यांतली काही पूर्णपणे विरघळलेली नसून अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत असतात. वर्षानुवर्षे डबा हलला नाही, तर ती तळाशी बसू लागतात. बहुतेक उत्पादक सीलबंद डब्याची मुदत सुमारे पाच वर्षे सांगतात, ती बहुतांशी याच कारणाने.

कोकणातल्या डब्यांच्या बाबतीत मला गाळापेक्षा पाण्याची धास्ती अधिक वाटते. पत्र्याचा डबा दिवसा तापतो आणि रात्री निवतो. झाकणाची बैठक किंचितही सैल असेल, तर तापताना आतली हवा थोडी बाहेर जाते आणि निवताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. पावसाळ्यात कौलांतून गळलेले पाणी झाकणाच्या खोबणीत साचले असेल, तर तेही आत जाऊ शकते. तीस-पस्तीस पावसाळे काढलेल्या डब्याचे सील बाहेरून शाबूत दिसते म्हणून आत पाणी नसेलच, असे धरून चालू नये. डब्याच्या जोडांवर आणि बुडाशी गंज आहे का, हे आधी पाहावे. गंज पत्र्याच्या आरपार गेलेला असेल, तर तो डबा बाजूलाच ठेवावा.

तपासणीसाठी डबा न हलवता आठ-दहा दिवस उभा ठेवावा आणि मग उघडून वरचे थोडे ऑइल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे. त्यानंतर पारदर्शक नळीने तळाचेही थोडे ऑइल काढून दुसऱ्या बाटलीत घ्यावे. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने ते तळाच्या बाटलीतच सापडेल: एक तर खाली वेगळा थर दिसेल, नाही तर ऑइल ताकासारखे पांढुरके दिसेल. असे ऑइल इंजिनात घालू नये. नुसता रंग थोडा गडद झाला असेल, तर ते वाईट लक्षण नव्हे. तळाशी पातळ गाळ असेल आणि डबा उन्हात कोमट करून चांगला हलवल्यावर तो पुन्हा मिसळून जात असेल, तर ऑइल चालण्यासारखे आहे. चिकट गोळे तसेच राहिले किंवा आंबूस वास आला, तर नाही.

आता अक्षरांकडे वळू. ‘एपीआय’ म्हणजे ऑइलच्या श्रेणी ठरवणारी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट ही संस्था. ‘एस’ने सुरू होणारी श्रेणी पेट्रोल इंजिनाची आणि ‘सी’ने सुरू होणारी डिझेलची. एसएफ ही १९८० च्या दशकातली श्रेणी. १९८९ मध्ये तिच्या जागी एसजी आली आणि त्यानंतर अनेक टप्पे पार करत २०२० मध्ये एसपी आली. तुमची २०२१ ची मोटार बीएस-६ या प्रदूषणविषयक मानकाची आहे. तिला पातळ ग्रेडचे ऑइल लागते आणि तिच्या धुरवाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, आहे. जुन्या ऑइलमधल्या फॉस्फरसने तो हळूहळू निकामी होतो. थोडे ऑइल वाचवण्यासाठी ही जोखीम घेण्यात काहीच शहाणपण नाही, अगदी कमी पडलेली पातळी भरून काढण्यासाठीसुद्धा नाही.

पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन मात्र याच काळातल्या ऑइलवर चालत आले आहे आणि जस्त-फॉस्फरसयुक्त झीजरोधक द्रव्य तिच्या कॅम व टॅपेटना (झडपा उघडणाऱ्या भागांना) मानवतेच. ऑइल निर्दोष निघाले, तर ते घालावे, सोबत नवा फिल्टर बसवावा आणि नेहमीच्या निम्म्या अंतरावरच ते बदलावे. शेतावरच्या मंदगती इंजिनाची अपेक्षा याहून कमी असते. टर्बो नसलेल्या साध्या डिझेल इंजिनांना ‘सीसी’ श्रेणी चालते. तरीही त्या इंजिनाच्या पाटीवर किंवा माहितीपुस्तिकेत कोणता ग्रेड सांगितला आहे, तेवढे पाहून घ्यावे.

हाच प्रश्न आणखी जुन्या डब्यांविषयी पडलेल्या वाचकांसाठी थोडे लिहितो. डब्यावर बर्मा-शेल या तेल कंपनीचे नाव असेल, तर तो १९७६ पूर्वीचा. त्या वर्षी त्या कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले. श्रेणी ‘एसए’ असेल, तर त्यात वर सांगितलेली द्रव्ये जवळजवळ नसतात आणि असे ऑइल १९३० नंतरच्या पेट्रोल इंजिनात घालू नये. बिजागऱ्या, कुलपे, सायकलची साखळी यांना ते पुरेसे आहे.

प्रश्न: तपासणीत नापास झालेल्या ऑइलचे काय करावे? लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते लावतात, असे ऐकले आहे.

उत्तर: लावू नये. ते पावसाने धुपून मातीत आणि पुढे विहिरीत उतरते. असे ऑइल गटारात किंवा बांधावरही ओतू नये. मोठ्या गॅरेजमध्ये वापरलेल्या ऑइलचे पिंप असते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाते. तेथे विचारून त्यातच ते जमा करावे. डबे मात्र भंगारात घालण्यापूर्वी एकदा एखाद्या जाणकाराला दाखवून घ्यावेत, कारण जुन्या छापाच्या पत्र्याच्या डब्यांना संग्राहकांकडून बरी किंमत मिळते.