एक लाख ४४ हजार पॉइंट: तिकीट, हॉटेल की बिलात वळते?

ताई, नमस्कार.

इतर वाचकांसाठी तुमच्या पत्रातले आकडे आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या कार्डावर १,४४,००० रिवॉर्ड पॉइंट साठलेत. त्यांतल्या ३८,००० ची मुदत तीन महिन्यांत संपते. दिवाळीत तुम्ही दोघं मुलाकडे सिंगापूरला जाणार. त्याच्याकडे एकच खोली, म्हणून चार रात्री हॉटेल. बँकेच्या ॲपमधून तुम्ही उतरवून पाठवलेले दर असे: बिलात वळते केले तर पॉइंटला २० पैसे. बँकेच्या प्रवास पोर्टलवर ५० पैसे, पण रकमेच्या ७० टक्क्यांपर्यंतच, महिन्याला कमाल ५०,००० पॉइंट आणि दर वेळी ९९ रुपये अधिक जीएसटी. विमान कंपनीच्या मैलांत (तिकिटासाठी वापरायच्या तिच्या स्वतःच्या पॉइंटांत) बदलायचे तर दोन पॉइंटचा एक मैल, अकॉर या हॉटेल साखळीत तीनाला एक. भाचा म्हणतो, मैल घ्या आणि बिझनेस क्लासने जा. वर घरच्या फर्निचरचे सहा लाख नव्या, महागड्या कार्डावर टाकून आणखी पॉइंट मिळवा.

आधी माप ठरवू. पॉइंट वापरल्यामुळे तुमच्या खिशातून जायचे जे पैसे खरोखर वाचले, त्यांना वापरलेल्या पॉइंटांनी भागायचं. ‘खरोखर’ हा शब्द महत्त्वाचा. एरवी जो खर्च तुम्ही केलाच नसता, तो वाचला असं म्हणता येत नाही.

हे माप भाच्याच्या सल्ल्याला लावून पाहू. तुमच्या स्क्रीनशॉटप्रमाणे बिझनेस क्लासला एका बाजूचे माणशी ४५,००० मैल, म्हणजे ९०,००० पॉइंट, वर कर ४,००० रुपये. रोखीने तेच तिकीट ७५,००० चं. भाचा ७१,००० भागिले ९०,००० करून ७९ पैसे काढतो आणि खूश होतो. पण तुम्ही रोखीने काढलं असतं ते इकॉनॉमीचं, एका बाजूचं साधारण १७,००० चं. त्यातून कर वजा जाता वाचले १३,०००. पॉइंटला पडले साडेचौदा पैसे फक्त! बिलात वळते केले असते तरी २० मिळाले असते. शिवाय सगळे पॉइंट मोडूनही ७२,००० मैलच होतात. म्हणजे एकजण एकाच बाजूने आरामात जाणार आणि दुसरा मागे इकॉनॉमीत. यजमानांचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय, ते मी विसरलो नाही. त्या आरामाच्या तिकिटासाठी तुम्ही स्वतःच्या खिशातून एकूण ३०,००० आनंदाने दिले असते, तर हिशोब २९ पैशांवर येतो. तरीही तो पहिल्या क्रमांकाचा ठरत नाही.

मैलांत बदलून इकॉनॉमीचं तिकीट घेतलं तर? जाऊन-येऊन माणशी ४०,००० मैल, म्हणजे ८०,००० पॉइंट आणि ७,००० कर. रोख भाडं ३४,०००. वाचले २७,०००, पॉइंटला पावणेचौतीस पैसे. ‘मैल म्हणजे सर्वात फायद्याचं’ हे वाक्य ज्यांच्या कार्डाला एकास एक मैल मिळतो त्यांच्यासाठी खरं असतं. दोनास एक मिळाला की त्यातली हवा जाते. मैल एकदा गेले की परतही येत नाहीत, आणि तुमच्या तारखांना पॉइंटवरच्या सीट उरल्या नाहीत तर ते खात्यात अडकतात. दिवाळीच्या आठवड्यात नेमकं हेच होतं.

आता पोर्टल. हाच प्रवास विमान कंपनीच्या साइटवर ३४,००० ला आणि पोर्टलवर ३६,४०० ला दिसतो, हे तुम्ही दोन्हीकडचे फोटो पाठवून दाखवलंत ते बरं केलंत. बहुतेक लोक ही तुलना करतच नाहीत. ३६,४०० चे ७० टक्के म्हणजे २५,४८०, त्याला ५०,९६० पॉइंट लागतील. महिन्याची मर्यादा ५०,००० आडवी येते. म्हणून २५,००० पॉइंटांतून, ११,४०० कार्डाने आणि ११७ रुपये शुल्क. मूळ ३४,००० शी तुलना केली तर वाचले २२,४८३. पॉइंटला ४५ पैसे. जाहिरातीतले ५० नाहीत, पण वाईटही नाही.

इथे एक चूक हमखास होते. दोघांची तिकिटं एकाच बुकिंगमध्ये पोर्टलवर काढली जातात. पॉइंट तेवढेच, ५०,०००, पण पोर्टलचे जादा २,४०० दोनदा भरावे लागतात आणि दर ४० पैशांवर घसरतो. एक तिकीट पोर्टलवर काढा आणि दुसरं त्याच दिवशी, त्याच विमानाचं, थेट कंपनीकडून. पीएनआर दोन होतील. म्हणून कंपनीला फोन करून दोन्ही एकमेकांशी जोडून घ्या, म्हणजे वेळ बदलली तर दोघांना वेगवेगळ्या विमानात टाकलं जाणार नाही. आणि पोर्टलवरच्या तिकिटाची तारीख बदलायची झाली तर पोर्टलचीच दारं ठोठवावी लागतात. रद्द केलं तर कंपनीच्या शुल्कावर पोर्टलचं शुल्क वेगळं. तेव्हा ज्याची रजा पक्की आहे त्याचंच तिकीट तिथे काढा.

खरी मलई हॉटेलात आहे, आणि पत्रात ती तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिली आहे! अकॉरचा नियम सोपा आहे: त्यांचे २,००० पॉइंट म्हणजे ४० युरो, हॉटेल कुठलंही असो. युरो १०० रुपये धरला तर अकॉरचा एक पॉइंट दोन रुपयांचा, आणि तुमचे तीन पॉइंट मोडून तो मिळतो. म्हणजे तुमच्या पॉइंटला ६६ ते ६७ पैसे. ना ७० टक्क्यांची अट, ना महिन्याची मर्यादा, ना ठरावीक खोल्यांची भानगड. सिंगापुरात आयबिस, मर्क्युर, नोव्होटेल अशी या साखळीची हॉटेलं वेगवेगळ्या भाड्याची आहेत. आयबिस निवडलंत तर फार झगमगाट मिळणार नाही, पण मेट्रो जवळ असेल आणि गाद्या चांगल्या असतील.

चार रात्रींचे ५२,००० तुम्ही धरलेत. हा आकडा सर्व करांसह आहे ना, ते पाहा. सिंगापुरात भाव बऱ्याचदा दोन अधिक चिन्हं लावून सांगतात. त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी चढतो. २०० डॉलरची खोली जवळजवळ २४० ला पडते. तीच खोली दुसऱ्या बुकिंग साइटवर ४६,००० ला मिळत असेल तर हिशोबात ४६,००० च धरा. दर ५९ पैशांवर येईल, तरी पोर्टलपेक्षा वरच. मात्र पॉइंट नसते तर लिटिल इंडियातल्या ३०,००० च्या खोलीत तुम्ही समाधानाने राहिला असतात, असं असेल तर पॉइंटला ३८ पैसेच पडतात. मग साधी खोली रोखीने घ्या. हे उत्तर तुमच्याकडेच आहे.

५२,००० ला ७८,००० पॉइंट लागतात. मी ७२,००० च पाठवा म्हणेन. त्याचे अकॉरचे २४,००० होतात, म्हणजे २,००० चे १२ गट, ४८० युरो. उरलेले चार-साडेचार हजार रुपये खिशातून भरा. कारण अकॉरचे पॉइंट २,००० च्या पटीतच वापरता येतात. खोली थोडी स्वस्त झाली किंवा युरो चढला तर जादाचे पॉइंट तिथेच पडून राहतात, आणि १२ महिने खात्यात काही हालचाल नसेल तर अकॉर ते बाद करते.

पाठवण्याआधी अकॉरचं सदस्यत्व काढा, ते फुकट आहे. नाव कार्डावर जसं आहे तसंच. आपल्याकडे इथेच घोळ होतो: कार्डावर मधलं नाव नसतं, पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, आणि दोन नावं जुळली नाहीत की बदली अडकते. कार्ड तुमच्या नावावर असेल तर सदस्यत्वही तुमच्याच नावाचं हवं. यजमानांच्या खात्यात पॉइंट सहसा पाठवता येत नाहीत. आधी ३,००० पॉइंट पाठवून बघा. ते पोहोचले की उरलेले ६९,०००. जमा व्हायला काही वेळा काही दिवस लागतात, म्हणून मुदतीच्या आदल्या आठवड्याची वाट पाहू नका. मुदत संपत आलेले ३८,००० याच बदलीत आधी खर्ची पडले पाहिजेत. बँका साधारणपणे सर्वांत जुने पॉइंट आधी वापरतात, पण बदलीनंतर ॲपमधला मुदतीचा तक्ता उघडून खात्री करा. हॉटेल मात्र अकॉरच्या स्वतःच्या साइटवरच बुक करायचं, आणि रद्द करता येईल असाच दर घ्यायचा.

या रीतीने १,२२,००० पॉइंटांत सुमारे ७०,००० रुपये वाचतात. सगळे बिलात वळते केले असते तर २८,८००. उरलेले २२,००० राहू द्या. पोर्टल आणि कंपनी दोन्हीकडे भाव सारखाच असेल अशा देशांतल्या एखाद्या तिकिटासाठी ते उपयोगी पडतील. फक्त त्यांची मुदत डायरीत लिहून ठेवा.

फर्निचर आणि नवं कार्ड याबद्दल माझं उत्तर नाही असंच आहे. १२,५०० रुपये वार्षिक शुल्क, जीएसटीसह १४,७५०. त्यावर स्वागताचे १२,५०० पॉइंट, रुपयाला एक धरले तरी तिथेच सव्वादोन हजारांची तूट. सहा लाखांवर २०,००० पॉइंट मिळतील हे बरोबर. पण तुमचा फर्निचरवाला कार्ड घासायला दोन टक्के जादा मागतोय, ते १२,०००. राहिले पावणेसहा हजार, तेही बिल एका फटक्यात फेडलं तर.

तुम्ही तर ते पाच महिन्यांत, दरमहा १,२०,००० असं फेडणार म्हणता. कार्डाचं व्याज महिना साडेतीन ते पावणेचार टक्के असतं, ३.६ धरू. पूर्ण बिल भरलं नाही की व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं. पहिला महिना सहा लाखांवर, मग ४.८, ३.६, २.४ आणि १.२ लाखांवर. साधा हिशोब केला तरी ६४,८०० व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ७६,०००. शिवाय थकबाकी असेपर्यंत किराण्याच्या खरेदीवरही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. वीस हजारांचे पॉइंट घेण्यासाठी हा व्यवहार! फर्निचरचे पैसे एफडीत असतील तर ती मोडा, नसतील तर काम दोन टप्प्यांत करा. आणि भाच्याच्या नादाने जुनं कार्ड बंद करायचंच झालं तर आधी पॉइंट वापरा. कार्डाबरोबर तेही जातात.

तिथल्या खर्चाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. परदेशात तुमच्या कार्डावर ३.५ टक्के परकीय चलन शुल्क, त्यावर जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के जातात. त्याच खर्चावर तुम्हाला दीडशे रुपयांना चार पॉइंट, म्हणजे ५० पैसे दरानेही १.३३ टक्के मिळतात. पॉइंटच्या लोभाने तिथे हे कार्ड घासू नका. कमी शुल्काचं फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून नेतात ते) न्या. हॉटेलची उरलेली रक्कमही त्यानेच भरा. मशीन विचारेल, रुपयांत की सिंगापूर डॉलरमध्ये. डॉलर निवडा.