दालचिनी आणलीस, आता कंट्रोल लाव

वाशीच्या मसाला मार्केटातून दालचिनी आणलीस, बरं केलंस. पण ती बायोफिल्म (जिवाणूंचा चिकट थर) रोखते का ते बघायचंय, तर अर्क थेट जिवाणू वाढवायच्या खाचांच्या प्लेटमध्ये ओतू नकोस. आधी एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा) काढ आणि त्याखालच्या मात्रेत काम कर. नाहीतर जिवाणू मेल्यामुळे थर पातळ दिसेल आणि तू म्हणशील, बायोफिल्म रोखली! दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड उडतं, त्याची वाफ शेजारच्या खाचांतही पोचते, म्हणून कंट्रोल (तुलनेसाठी अर्काविना ठेवलेल्या खाचा) लांब ठेव. (माझा अख्खा आठवडा त्यात गेला होता.) अर्क ज्यात विरघळवायचा त्या डीएमएसओ द्रावकाचा कंट्रोल वेगळा. थर मोजायचं रंगद्रव्य क्रिस्टल व्हायोलेट मेलेल्या पेशीही रंगवतं, तेव्हा जिवंत किती ते सीएफयू (जिवंत पेशींपासून वाढणाऱ्या वसाहती) मोजूनच कळेल. आणि थर बसू न देणं वेगळं, २४ तास जमलेला उखडणं वेगळं. तो फार चिवट असतो. लसणातलं अजोईन सूडोमोनास जिवाणूंचं क्वोरम सेन्सिंग (रासायनिक संदेशांनी आपसात बोलणं) बिघडवतं, पण ते नंतर बघू.