लांबच्या वायरलेस लिंकचा स्पीड गळतो कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: दोन गावांत 12 किलोमीटर अंतर. दोन्ही टोकांना 30 डीबीआय गेनच्या डिश (गेन म्हणजे डिश सिग्नल एका दिशेत किती एकवटते ते), फ्रिक्वेन्सी 5.8 गिगाहर्ट्झ. समोरचा टॉवर स्वच्छ दिसतो. तरी सिग्नल उणे 79 डीबीएम (ताकदीचे माप) आणि स्पीड 20 एमबीपीएसच्या आत. नियमाप्रमाणे पॉवर 6 डीबीएम ठेवली आहे. वाढवावी का?

उत्तर: नको. केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेने 5725 ते 5875 मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला केला, पण डिशचा गेन धरून 36 डीबीएमपर्यंतच. तुमचे 6 आणि डिशचे 30, मर्यादा तिथेच भरली. आता हिशेब पाहा. 12 किलोमीटर हवेत या फ्रिक्वेन्सीचे 129 डीबी (डेसिबल, ताकदीतल्या घट-वाढीचे माप) जातात आणि समोरची डिश 30 परत मिळवून देते. म्हणजे 36 वजा 129 अधिक 30, उत्तर उणे 63. तुम्हाला मिळतात उणे 79. हे 16 डीबी कुठे गेले ते शोधायचे. दोन-तीन डीबीचा फरक असता तर सोडून दिला असता, 16 चा सोडता येत नाही.

एवढी तूट दिसली की पहिला संशय साइड लोबचा. डिशच्या मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना छोटे झोत असतात, पंधरा-वीस डीबीने कमजोर. फिरवताना सिग्नल वाढतो, मग उतरतो, आणि आपण समजतो की शिखर सापडले. प्रत्यक्षात आपण बाजूच्या टेकाडावर थांबलेलो असतो. म्हणून एक टोक स्थिर ठेवून दुसरी डिश आडवी 30 अंश तरी पूर्ण फिरवा. तीन शिखरे दिसली पाहिजेत. मधले सर्वांत उंच, तेच आपले. मग उभ्या दिशेत तसेच करा आणि नंतर दुसऱ्या टोकाला हाच क्रम.

डिश जरा जरा हलवायची म्हणजे किती, हेही सांगतो. 50 मिमी जाडीच्या पाइपवर 1 अंश म्हणजे अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. पाइप आणि क्लॅम्प या दोन्हींवर मिळून मार्करने एक उभी रेघ ओढा आणि ती किती सरकली ते पाहत काम करा. दर हालचालीनंतर पाच सेकंद थांबा, कारण रेडिओवरचा आकडा मागून येतो. नट एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर जुळलेली डिश अंशभर सरकते. दोन्ही नट आलटून पालटून, अर्धा-अर्धा फेरा आवळा आणि आकडा पाहत राहा.

एवढे करून सिग्नल आला नाही तर वाट तपासा. समोरचे टोक डोळ्यांना दिसते एवढ्यावर भागत नाही. 12 किलोमीटरच्या मध्यावर पहिल्या फ्रेनेल पट्ट्याची (सरळ रेषेभोवतीचा जो फुगीर भाग लहरीला मोकळा लागतो त्याची) त्रिज्या साडेबारा मीटर असते. त्यातले 60 टक्के, म्हणजे साडेसात मीटर, मोकळे हवेत. पृथ्वीच्या गोलाव्याचे 2 मीटर वेगळे धरा. मध्यावरच्या झाडांच्या शेंड्यांपासून सरळ रेषा 10 मीटर वर नसेल तर डिश कितीही जुळवली तरी फायदा नाही, पोल वाढवावा लागेल.

प्रश्न: 24 किलोमीटरची लिंक, सिग्नल उणे 66. चॅनल 80 मेगाहर्ट्झचा ठेवला तरी स्पीड सारखा वर-खाली होतो. आणखी काय करावे?

उत्तर: चॅनल अरुंद करा. रुंदी दुप्पट केली की नॉइज, म्हणजे गोंगाट, 3 डीबीने वाढतो, आणि शहराकडे तोंड असेल तर त्या रुंद पट्ट्यात दुसऱ्या कोणाचे तरी रेडिओ सापडतातच. दोन स्ट्रीमच्या (एकाच वेळी दोन डेटा-प्रवाह पाठवणाऱ्या) एसी, म्हणजे 802.11ac रेडिओत 80 मेगाहर्ट्झवर गोंगाटामुळे मॉड्युलेशन (लहरीवर डेटा चढवण्याची पद्धत, क्यूएएमचा आकडा मोठा तेवढा डेटा जास्त) 16 क्यूएएमच्या खालच्या पायरीवर घसरले तर हवेतला रेट 234 एमबीपीएस. तोच रेडिओ स्वच्छ 40 मेगाहर्ट्झवर 64 क्यूएएमच्या वरच्या पायरीवर टिकला तर 270. अर्ध्या जागेत जास्त आणि स्थिर. प्रत्यक्ष हातात यातले साधारण 55 ते 65 टक्के येतील. स्पेक्ट्रम स्कॅन दोन्ही टोकांना घ्या, कारण गोंगाट प्रत्येक टोकाला वेगळा असतो.

दुसरी तपासणी अंतराच्या सेटिंगची. 24 किलोमीटर जाऊन यायला लहरीला 160 मायक्रोसेकंद लागतात. साध्या वायफायचा एसीकेसाठी, म्हणजे पॅकेट मिळाल्याच्या पोचेसाठी, थांबण्याचा वेळ जेमतेम काही दशक मायक्रोसेकंदांचा. पोच यायच्या आतच रेडिओ पॅकेट हरवले समजतो आणि तेच पुन्हा पाठवतो. सिग्नल चांगला आणि रिट्राय भरमसाट, हे याचे लक्षण. अंतर खऱ्यापेक्षा थोडे जास्त भरा, म्हणजे 25 किंवा 26. रेडिओत टीडीएमए (प्रत्येक टोकाला बोलायची वेळ ठरवून देणारी) पद्धत असेल तर तीच वापरा, तिच्यात प्रत्येक पॅकेटच्या पोचेसाठी थांबणे नसते. 2007 मध्ये नेटवर्क तज्ज्ञ एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी व्हेनेझुएलात वायफायच्या हार्डवेअरवर 382 किलोमीटरची लिंक चालवली, तेव्हा अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या टियर या संशोधन गटाने बदललेल्या टीडीएमए सॉफ्टवेअरवर दोन्ही दिशांना सुमारे 3 एमबीपीएस मिळाले होते. एवढ्या अंतरात नुसती जा-ये अडीच मिलिसेकंदांची.

आणि पॉवर कमी करून पाहा. वरच्या मॉड्युलेशनला रेडिओचा अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात चालवला की सिग्नल विकृत होतो. डेटाशीटमध्ये वरच्या रेटसमोर पॉवरचा आकडा पाच-सहा डीबीने कमी छापलेला असतो तो याचसाठी. पॉवर 3 डीबीने उतरवल्यावर स्पीड वाढला तर नवल मानू नका.

प्रश्न: आमची 12 किलोमीटरची लिंक खाडीच्या तोंडावरून जाते. रोज काही वेळ ती कोसळते आणि आपोआप सावरते. वेळ दर दिवशी पुढे सरकते. रेडिओ बदलून झाले.

उत्तर: वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी सरकत असेल तर रेडिओला बोल लावू नका, भरती-ओहोटीचा तक्ता काढा. उधाणाच्या दिवसांत त्रास जास्त आणि भांगेला कमी, असेही दिसेल.

पाण्यावरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीला येऊन मिळते. परावर्तनात ती उलटी होते, म्हणून दोन वाटांतला फरक पूर्ण तरंगलांबीच्या पटीत आला की दोघी एकमेकींना खोडतात. 5.8 गिगाहर्ट्झला तरंगलांबी 5.2 सेंटिमीटर. समजा ओहोटीच्या पाण्यापासून एक डिश 36 आणि दुसरी 20 मीटरवर आहे. पृथ्वीचा गोलावा धरून वाटांतला फरक येतो सव्वादहा सेंटिमीटर, जवळजवळ दोन तरंगलांब्या. लिंक कोसळली. पाणी अडीच मीटर चढले की फरक 8.2 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 1.6 तरंगलांबी, आणि सिग्नल उलट नेहमीपेक्षा वर जातो.

मोठ्या डिशने हे सुटत नाही. थेट आणि परावर्तित लहरींमधला कोन एक तृतीयांश अंशाहून कमी, डिशचा झोत 5 अंशांचा, दोन्ही आतच येतात. उपाय उंचीचा आहे. या उदाहरणात खालची डिश 20 वरून 16 मीटरवर उतरवली तर फरक भरतीला 1.2 आणि ओहोटीला 1.57 तरंगलांबी राहतो, पूर्ण आकड्याला शिवतच नाही. फ्रेनेलची मोकळीकही पुरेशी उरते. डिश खाली उतरवून लिंक सुधारते हे पटायला जड जाते, पण खाडीवर उंची हवी तेवढीच असावी. आपल्या उंचीचा हिशेब मात्र वेगळा करा, नाहीतर एक खड्डा चुकवून दुसऱ्यात पडाल. परावर्तनाचा बिंदू इथे, 20 मीटरची उंची धरून, खालच्या टोकापासून सुमारे 4.4 किलोमीटरवर येतो. तो एखाद्या बेटावर किंवा झाडीवर सरकवता आला तर अधिकच चांगले.

प्रश्न: हवेतला रेट 270 दाखवतो, चाचणी 94 वर अडते.

उत्तर: 94 म्हणजे 100 एमबीपीएसचा इथरनेट पोर्ट. रेडिओ, पीओई इंजेक्टर (इथरनेट केबलमधूनच रेडिओला वीज देणारा डबा) किंवा स्विच यांपैकी एक जुना आहे, नाहीतर केबलच्या चार जोड्यांपैकी एक क्रिंपिंगमध्ये सुटली आहे. चाचणी रेडिओच्या आतून घेऊ नका, त्याचा प्रोसेसर कमी पडतो. दोन्ही टोकांना लॅपटॉप लावून आयपर्फ हे स्पीड मोजायचे सॉफ्टवेअर चार प्रवाहांनी चालवा.

प्रश्न: पावसाळ्यात स्पीड निम्मा होतो. पावसामुळेच ना?

उत्तर: पडणाऱ्या पावसामुळे नाही. ताशी 25 मिमी पावसात 5.8 गिगाहर्ट्झला 12 किलोमीटरवर एक-दीड डीबीच जातात. ओल्या पानांची झाडी वाटेत वाढली असेल तर ती जास्त खाते. पण आधी आडव्या आणि उभ्या पोलारिटीचे (लहरीच्या कंपनाच्या दिशेचे) आकडे वेगवेगळे पाहा. दोघांत 3 डीबीहून जास्त अंतर पडले आणि पाऊस थांबल्यावरही दोन दिवस तसेच राहिले, तर त्या बाजूच्या कनेक्टरमध्ये पाणी आहे. उघडल्यावर हिरवट चुरा दिसेल. तो वाळवून परत लावू नका, छोटी केबल नवीनच घाला. वर आधी साधी टेप, मग ताणून चिकटणारी रबर टेप, शेवटी उन्हाला टिकणारी काळी टेप, आणि प्रत्येक थर खालून वर गुंडाळायचा. कौले जशी वरचे खालच्यावर चढवून लावतात तसे, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता ओघळून जाते. केबलला कनेक्टरच्या खाली झोळ ठेवा.