प्रोग्रामरचा दिवस कसा जातो? घरून काम करताना घर आणि नोकरी दोन्ही सांभाळता येतं का?

तुझा प्रश्न असा: "बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, वाशिमकडची. प्रोग्रामरची दिनचर्या कशी असते? घरून काम मिळालं तर लग्नानंतर घर-नोकरी दोन्ही आरामात होतं असं सगळे म्हणतात, खरं का? आणि आधी पायथन शिकू की जावा?"

असं म्हणणाऱ्या "सगळ्यां"पैकी किती जण स्वतः घरून काम करतात ते एकदा विचारून बघ. त्यातही एकत्र कुटुंबात सून म्हणून राहून किती जणी करतात ते विचार. मी करते, म्हणून लिहायला बसले. उत्तर लांबेल.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात राहते. इंजिनिअरिंग अमरावतीला झालं, मग पुण्यात नोकरी. 2020 च्या लॉकडाउनमध्ये आम्ही सासरी आलो ते इथलेच झालो. नवऱ्याने वावर हाती घेतलं, मी माडीवरच्या खोलीत लॅपटॉप मांडला. कंपनीचं सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या दवाखान्यांमध्ये अपॉइंटमेंटसाठी वापरतात, मी बॅकएंडला, म्हणजे पडद्यामागे सर्व्हरवर चालणाऱ्या भागावर आहे.

माझा दिवस दोन तुकड्यांत जातो. पोरीचा डबा करून तिला शाळेत धाडलं की 8 ते 12 दार लावून कोड. तेव्हा अमेरिकेत रात्र असते, चॅटवर कोणी टोकत नाही, म्हणून डोकं लागणारं काम मी याच वेळेत काढते. दुपार माझी. जेवण, थोडी झोप, कापसाचे दिवस असले तर वेचणीच्या काट्यावर जाऊन बसणं. पाचला पुन्हा लॅपटॉप, दुसऱ्यांचा कोड तपासणं, आणि साडेसहाला मीटिंग, कारण तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे 9 होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. त्यामुळे हिवाळाभर हीच मीटिंग साडेसातला येते, नेमकी पोरीच्या जेवणाच्या वेळेला. कॅलिफोर्नियाचा क्लायंट असला तर त्यांचे सकाळचे 9 म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. मुलाखतीत "टाइम झोन कोणता" हे पगाराच्या आधी विचार. दिवसभर कोड लिहायचा असतो असंही समजू नकोस. निम्मा वेळ आधी कोणीतरी लिहून ठेवलेलं वाचण्यात जातो.

लाईट-नेटचं थोडक्यात सांगते. इन्व्हर्टर लागतोच. फायबर आहे, पण लाईन गेली की घरचा राउटर इन्व्हर्टरवर चालतो आणि चौकातली केबलवाल्याची पेटी बंद पडते. मग मोबाइलचं हॉटस्पॉट. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात रेंज चांगली येते. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा कूलरचा आवाज मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू येतो, त्याची सवय त्यांनाही झाली आहे. यातलं काहीच मला कधी जड गेलं नाही. जड काय जातं ते आता सांगते.

महालक्ष्म्यांचा दुसरा दिवस होता. आमच्या वाड्यात महालक्ष्म्या बसतात आणि सगळी भाऊबंदकी जेवायला असते. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, वडे. सकाळपासून मी, सासूबाई आणि जाऊबाई चुलीपाशीच होतो. मी रीतसर सुट्टी टाकलेली होती. ऑन-कॉलची, म्हणजे काही बिघडलं तर कधीही फोन घ्यायची पाळीही माझी नव्हती, पुण्यातल्या एका सहकाऱ्याची होती. पावणेसातच्या सुमारास फोन वाजायला लागला आणि थांबेचना. मॅनेजर. पाळीवाला फोन उचलत नाही, दवाखान्यांत अ‍ॅप उघडत नाही, रिसेप्शनवर पेशंट उभे आहेत. आणि पुढचं वाक्य जसंच्या तसं, "तू तर घरीच आहेस ना, पाच मिनिटं बघ."

हात धुतले, लॅपटॉप घेतला. तेवढ्यात लाईन गेली. भादव्याचा पाऊस भुरभुरत होता, तशीच गच्चीवर गेले, टाकीजवळ. नवरा छत्री आणि पॉवर बँक घेऊन मागे आला आणि पूर्ण वेळ लॅपटॉपवर छत्री धरून उभा राहिला.

कॉलवर सगळे दुपारच्या रिलीजला, म्हणजे त्या दिवशी चढवलेल्या नव्या कोडला दोष देत होते. रिलीज मागे घेतलं तरी फरक पडला नाही. ब्राउझर सर्टिफिकेटची, म्हणजे साइट खरी असल्याच्या मुदतीच्या दाखल्याची तक्रार करत होता, पण एकाने ते आधीच तपासून बाद केलं होतं, कारण सर्व्हरवरच्या फाइलमध्ये सर्टिफिकेट आणखी 60 दिवस चालणार असं स्पष्ट दिसत होतं. मला तो 60 चा आकडाच खटकला. आम्ही लेट्स एनक्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं 90 दिवसांचं सर्टिफिकेट वापरतो. 30 दिवस उरले की सर्टबॉट नावाचा प्रोग्राम आपोआप नवं आणतो. म्हणजे नवं येऊन बरोबर महिना झाला होता, आणि जुनं त्याच दिवशी संपत होतं. मी फाइल बघायचं सोडून सरळ पोर्टला, म्हणजे सर्व्हरच्या बाहेरच्या दाराला विचारलं, ओपनएसएसएल नावाच्या टूलने, की बाबा तू जगाला कोणतं सर्टिफिकेट दाखवतोस. जुनंच. आमच्या कोडच्या पुढे उभा राहून ब्राउझरची विनंती आधी घेतो तो सर्व्हर म्हणजे एनजिन-एक्स, तो सुरू होताना सर्टिफिकेट वाचून मेमरीत ठेवतो. फाइल बदलली तरी रीलोड करेपर्यंत, म्हणजे ती पुन्हा वाचायला लावेपर्यंत, त्याला पत्ता नसतो. महिनाभरात रिलीज बरीच झाली, पण त्यात फक्त अ‍ॅप रीस्टार्ट होतं, पुढच्या एनजिन-एक्सला कोणी हात लावत नाही. एक रीलोड दिला आणि दवाखाने सुरू झाले. पुढे आम्ही दोन गोष्टी केल्या. सर्टिफिकेट नवं आलं की रीलोड आपोआप होतं, आणि तारीख फाइलमधून न तपासता बाहेरून तपासली जाते. हे दुसरं काम तूही नोकरीला लागशील तिथे करून घे.

मला त्या संध्याकाळचा अभिमान आहे. कॉलवर पुण्यातले, बंगळुरूचे, अमेरिकेतले सगळे होते, आणि सापडलं ते दारव्ह्याकडच्या गच्चीवर.

खाली आले तर आरती खोळंबलेली. काकाजी, म्हणजे माझे चुलत सासरे, सासूबाईंना म्हणत होते, माझ्याकडे न बघता, "घरीच तं रायते ते दिवसभर, वयनी. आजच्या दिवशी तो डब्बा बंद ठेवला असता तं काय बिघडलं असतं?"

तासाभराच्या आत तेच वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकलं. एकदा पुण्याच्या एसी ऑफिसातून, एकदा घरच्या ओसरीवरून. मॅनेजरच्या हिशेबात मी घरी आहे म्हणजे कामाला मोकळी. काकाजींच्या हिशेबात मी घरी आहे म्हणजे घराला मोकळी. घरून काम करणाऱ्या बाईची सगळी ओढाताण या दोघांच्या मधे आहे. वेळापत्रकं, प्लॅनरची अ‍ॅपं, पहाटे पाचला उठायचे सल्ले, कशाने ती जात नाही.

सुना अशा वेळी गप्प बसतात, मी बसले नाही. पंगत उठल्यावर विचारलं, "काकाजी, डिसेंबरात शेतीची लाईन रात्री असते, तवा तुम्ही बारा वाजता गव्हाले पाणी द्यायला जाता. दुसऱ्या दिवशी उशिरा उठलात तं कोणी म्हणते का, घरीच तं असते हा माणूस?" त्यांनी पान लावता लावता उत्तर दिलं, "वावर वेगळं, डब्बा वेगळा." एवढंच, आणि उठून गेले. हा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून इथे लिहिते. वेगळं काहीही नाही. ओलित रात्री करावं लागतं कारण लाईन रात्री येते, आणि माझी मीटिंग संध्याकाळी असते कारण तिकडे सकाळ तेव्हा होते. दोन्हीकडे वेळ दुसऱ्याने ठरवलेली आहे आणि घर दोन्हींवर चालतं. विहिरीच्या मोटरचं आणि ठिबकचं कर्ज माझ्या पगारातून फिटलंय, हे काकाजींना ठाऊक आहे.

जाऊबाईंचं म्हणणं मात्र मला पटलं. त्या रागाने बोलल्या, पण मुद्द्याचं बोलल्या. "तुले कंपनी पैसे देते. तू वर गेल्यावर तुह्या वाटचे वडे म्या तळले, त्याचे मले कोण देते?" या प्रश्नाला आपल्या अख्ख्या क्षेत्राकडे उत्तर नाही. 2023 मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं. 2025 च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचा व्हिडिओ फिरला, 90 तास, रविवारीसुद्धा, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार म्हणून. 70 किंवा 90 तास खुर्चीत बसणाऱ्याचा स्वयंपाक, कपडे, म्हातारे आईवडील, पोरांचा अभ्यास दुसरं कोणीतरी करतं, आणि ते कोणीतरी बहुतेक घरांत बाई असते. पुण्यातल्या माझ्या ज्या मित्रांचं सगळं छान जमतं, त्यांच्या घरी जाऊन बघ, ते कोणी जमवून दिलंय.

आणि ज्या रविवारावर हे लोक बोलतात तो कोणी आंदण दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना 1884 मध्ये बांधली आणि झगडून 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळवली. त्या गिरण्यांत आमच्या वऱ्हाडातला कापूस जायचा, म्हणून मला ही तारीख जवळची वाटते. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून सुटका हा कायद्याचा विषय झाला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे आपलं आपल्यालाच मागून घ्यावं लागतं.

मी मागितलं. पुढच्याच आठवड्यात मॅनेजरला मेल टाकला, फोन नाही. ऑन-कॉलची पाळी लेखी ठरवा, आठवड्याचा वेगळा भत्ता द्या, रात्री उठावं लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळची सुट्टी, आणि पाळीवाल्याने फोन उचलला नाही तर पुढचा फोन कोणाला जाईल ते नावानिशी लिहा. अमेरिकेचं थँक्सगिव्हिंग आणि 4 जुलै टीमच्या कॅलेंडरवर असतात, तसा मी पोळा आणि महालक्ष्म्या टाकल्या. आधी टाळाटाळ झाली. मी दर सोमवारच्या मीटिंगमध्ये तोच मेल पुन्हा काढत राहिले आणि शेवटी मान्य झालं. त्या भत्त्यातून आता सणावाराला स्वयंपाकाला बाई लावतो. तिला कधी बोलवायचं ते जाऊबाई ठरवतात, पैसे माझ्या खात्यातून जातात. तेव्हापासून आमच्या दोघींत त्या विषयावर भांडण नाही.

म्हणून नोकरी घेताना विचारायचं ते हे: ऑन-कॉल आहे का, किती जणांत फिरतो, त्याचे वेगळे पैसे मिळतात का. "आमच्याकडे फॅमिलीसारखं आहे" असं उत्तर आलं तर पुन्हा विचार. आणि लग्न ठरवताना, हो, तिथेही विचारायचं, की कामाला दार लागणारी खोली मिळेल का आणि संध्याकाळी 5 ते 9 स्वयंपाकघर कोण बघेल. बैठकीत विचारायला संकोच वाटला तर मुलाला एकट्याला विचार. त्याचं उत्तर "बघू नंतर" असेल तर ते नाही समज.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या, आता सांगते. मी घरून काम करते ती पुण्यात ऑफिसात काही वर्षं काढल्यानंतर. तू पहिलीच नोकरी घरून घेऊ नकोस. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस एरर कशी शोधतो हे बघून जे शिकायला मिळतं ते व्हिडिओ कॉलवर मिळत नाही. माझी पोरगी शाळेत जाते. तान्हं बाळ असलं तर माझं सकाळचं गणित चालणार नाही. आणि माझा नवरा छत्री धरणारा आहे, सगळ्यांचे नसतात. देशी क्लायंट असलेल्या कंपन्यांत संध्याकाळच्या मीटिंगा नसतात, पण तिथली ओढाताण वेगळी, तिच्याबद्दल मी बोलणार नाही.

पायथन की जावा, तर कॉलेजात जी शिकवतात तीच नीट शिक. त्यासोबत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम, एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा आणि नेटवर्कचं थोडं, म्हणजे पोर्ट काय, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारं डीएनएस काय, सर्टिफिकेट काय. गच्चीवर मला तेच उपयोगी पडलं.

काकाजींच्या नातवाचं यंदा ठरलंय. मुलगी नागपूरची, टेस्टिंगमध्ये आहे आणि लग्नानंतर इथून काम करणार म्हणते. कालच काकाजींनी निरोप धाडला, "सूनबाईले विचारा, इंटरनेटवाला कोणता बरा." मी केबलवाल्याचा नंबर पाठवला, इन्व्हर्टर कोणता घ्यायचा ते लिहून दिलं, आणि सांगितलं की मागची धान्याची खोली रिकामी करून तिला आतून कडी बसवा, रंगरंगोटी मग करा.